डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हे : पूर्ण फाईल मागा



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना झाल्यावर विहारात एक ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत एक डिस्चार्ज कार्ड, दोन एक्स-रे आणि औषधांची बिलं. त्यांचे मिस्टर सफाईच्या ठेकेदाराकडे कामाला. कचऱ्याच्या गाडीवरून पडले, कंबरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, अकरा दिवस दवाखान्यात काढले. आता जड काम होत नाही. नुकसानभरपाई मागायला गेले तेव्हा ठेकेदार म्हणाला, "तो कामावर पडलाच नाही. घरी पडला. माझं नको ऐकू, दवाखान्याचा कागद बघ."

मी डिस्चार्ज कार्ड वाचलं. इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ इतकाच : घरी पडल्याने दुखापत.

मी विचारलं, "यांना दवाखान्यात कोणी नेलं होतं?" ताई म्हणाल्या, "मुकादमानं." "कॅज्युअल्टीत डॉक्टरला माहिती कोणी सांगितली?" "मुकादमानंच. हे तर वेदनेनं कण्हत होते. मी पोचेपर्यंत सगळं लिहून झालेलं." "बरं, मग केसपेपर कुठाय?" त्यांनी माझ्या हातातल्या कार्डाकडं बोट दाखवलं. "हाच की."

तो केसपेपर नव्हता. डिस्चार्ज कार्ड म्हणजे अकरा दिवसांचं एका पानात केलेलं सार. खरी फाईल दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये असते, आणि आपल्या शंभरातल्या नव्वद घरांना ती मागता येते हेच माहीत नसतं, असा माझा अनुभव आहे. मी नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं वॉर्डात काम केलं. त्या फायली मी रोज लिहिल्या आहेत. पण एखाद्या नातेवाइकानं "आम्हाला कॉपी मिळेल का?" असं विचारलं की मीही तेव्हा म्हणायची, "साहेबांना विचारा." साहेब म्हणायचे, "ऑफिसात विचारा." ऑफिस म्हणायचं, "असं देता येत नाही." हे "देता येत नाही" खोटं आहे. देता येतं. द्यावंच लागतं. ते कसं मिळवायचं, ते आज नीट समजून घेऊ.

फाईलमध्ये काय काय असतं?

पेशंट भरती झाला की त्याच्या नावाची फाईल सुरू होते. तिला इनडोअर केसपेपर म्हणतात. त्यात साधारण हे कागद असतात :

- भरतीचा कागद. पेशंट कधी आला, कोणी आणला, काय झालं म्हणून सांगितलं.
- डॉक्टरांनी रोज राऊंडला लिहिलेल्या नोंदी.
- ताप, नाडी, बीपीचा तक्ता.
- कोणतं औषध, कोणतं इंजेक्शन, किती वाजता दिलं त्याचा तक्ता.
- नर्सच्या नोंदी. प्रत्येक पाळीत सिस्टर लिहितात त्या.
- ऑपरेशन झालं असेल तर ऑपरेशनच्या आणि भुलीच्या नोंदी. शरीरात प्लेट, रॉड, स्टेंट काय बसवलं त्याचं स्टिकर.
- तुमच्या सह्या घेतलेली संमतीपत्रं.
- रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन यांचे रिपोर्ट.
- दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं असेल तर ती चिठ्ठी.
- पेशंट दगावला असेल तर मृत्यूचा सारांश.

यातले नर्सच्या नोंदींचे कागद सगळ्यात जास्त दुर्लक्षित. पण डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा येतात, सिस्टर चोवीस तास असतात. पेशंट रात्री काय बोलला, किती वाजता त्रास वाढला, डॉक्टरांना किती वाजता फोन केला, ते कधी आले, हे तिथंच सापडतं.

ही फाईल कशाला लागते?

भांडायलाच लागते असं नाही. बहुतेक वेळा ती पुढच्या उपचारांसाठीच लागते. एका दवाखान्यातून दुसऱ्यात गेलं की तिथले डॉक्टर विचारतात, आधी काय केलं होतं? कोणतं औषध चालू होतं? कोणत्या औषधाची रिॲक्शन आली होती? आपल्याकडं उत्तर नसतं. मग त्याच तपासण्या पुन्हा, तेच पैसे पुन्हा. बाळंतपणात आधीचं सिझर का करावं लागलं हे कळलं नाही, तर पुढच्या बाळंतपणात आईचा जीव धोक्यात येऊ शकतो.

शिवाय विम्याचा दावा, कामावरच्या अपघाताची भरपाई, अपंगत्वाचा दाखला, अपघाताची कोर्टातली केस, दुसऱ्या डॉक्टरचं मत, या सगळ्याला पूर्ण केसपेपर लागतो. एक पानी कार्डावर भागत नाही.

कायदा काय सांगतो?

१९९६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढं असाच प्रश्न आला होता. त्या याचिकेत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल प्रतिवादी होतं. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की पेशंटच्या केसपेपरच्या प्रती देण्याच्या बाबतीत दवाखाना किंवा डॉक्टर गुप्ततेचं कारण पुढं करू शकत नाहीत. पेशंटनं किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकानं मागितल्यावर, झेरॉक्सचा नेहमीचा खर्च घेऊन, कागद दिले पाहिजेत.

पुढं २००२ साली भारतीय वैद्यक परिषदेनं डॉक्टरांच्या वर्तनाचे नियम केले. त्यात तीन गोष्टी आहेत, त्या पाठ करून ठेवा.

एक : भरती पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्या तारखेपासून किमान ३ वर्षं सांभाळायचे.

दोन : पेशंटनं, त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं किंवा कायद्याच्या यंत्रणेनं मागितले तर अर्जाची पोच द्यायची आणि ७२ तासांच्या आत कागद द्यायचे.

तीन : कागद ३ वर्षं न सांभाळणं आणि मागूनही ७२ तासांत न देणं, हे डॉक्टरचं गैरवर्तन धरलं जातं.

२०२३ साली यांच्या जागी नवे नियम आले होते, पण ते त्याच महिन्यात स्थगित झाले. त्यामुळं कोणी "तो जुना नियम आता नाही" असं म्हणालं, तर गोंधळून जाऊ नका.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेली रुग्णहक्कांची सनद केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१८ साली जाहीरपणे मांडली. तिच्यात भरती असताना शक्यतो २४ तासांत आणि घरी सोडल्यावर ७२ तासांत कागद मिळण्याचा हक्क लिहिला आहे. आपल्या राज्यात खासगी दवाखान्यांची नोंदणी नर्सिंग होम कायद्याखाली होते. त्याचे नियम २०२१ साली सुधारले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद दवाखान्याच्या दर्शनी भागात लावावी लागते. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की भिंतीकडं बघा. सनद दिसली तर मोबाईलवर फोटो काढा. नसली तर "सनद कुठं लावली आहे?" असं शांतपणे विचारा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मूळ फाईल दवाखान्याकडंच राहते, कारण ती सांभाळायची जबाबदारी त्यांची. आपला हक्क आहे तो पूर्ण फाईलच्या प्रतीवर, आणि प्रत्येक पानावर शिक्का आणि सही मारून घेण्यावर.

अर्ज कोण करू शकतं?

पेशंट स्वतः. पेशंट लहान असेल तर आई किंवा वडील. पेशंटला येता येत नसेल तर त्यानं सही करून दिलेलं अधिकारपत्र घेऊन घरातला माणूस. सही येत नसेल तर अंगठा चालतो, शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. पेशंट हयात नसेल तर नवरा, बायको, मुलं, आईवडील असे वारस. त्यांनी मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडायचा. सगळ्यांनी स्वतःच्या आधार कार्डाची झेरॉक्स लावायची.

बाकी कोणाला ही फाईल मिळता कामा नये. ठेकेदाराला नाही, मुकादमाला नाही, शेजाऱ्याला नाही, सासरच्या दूरच्या माणसाला नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवती ताईच्या मृत्यूचं प्रकरण गाजलं. त्यात अनामत रकमेवरून वाद होताच. पण दवाखान्याच्या अहवालातून त्या ताईच्या आधीच्या आजारपणाची खासगी माहिती बाहेर आली, आणि त्यावर राज्य महिला आयोगानं आक्षेप घेतला. गुप्तता पेशंटच्या संरक्षणासाठी असते. ती बाहेरच्यांपासून पाळायची असते, पेशंटपासून नाही.

अर्ज कसा लिहायचा?

साध्या कोऱ्या कागदावर, मराठीत, निळ्या किंवा काळ्या पेनानं. वकील लागत नाही, स्टॅम्प पेपर लागत नाही. हा नमुना उतरवून घ्या :

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
(दवाखान्याचं नाव आणि पत्ता)

विषय : इनडोअर केसपेपरच्या संपूर्ण प्रती मिळण्याबाबत.

महोदय,
मी / माझे (नातं) श्री. / श्रीमती ............ आपल्या रुग्णालयात दि. ........ ते दि. ........ या काळात भरती होते. भरती क्रमांक ............. वॉर्ड ............. उपचार करणारे डॉक्टर .............

मला त्यांच्या संपूर्ण केसपेपरच्या साक्षांकित प्रती हव्या आहेत. त्यात भरतीचा कागद, डॉक्टरांच्या नोंदी, नर्सच्या नोंदी, औषधांचे तक्ते, संमतीपत्रं, ऑपरेशन व भुलीच्या नोंदी, सर्व तपासण्यांचे रिपोर्ट, डिस्चार्ज किंवा मृत्यू सारांश आणि तपशीलवार बिल यांचा समावेश असावा.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ही कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत, ही विनंती. झेरॉक्सचा योग्य खर्च मी पावती घेऊन भरीन.

दिनांक, वेळ, नाव, पत्ता, मोबाईल, सही / अंगठा.
सोबत : आधार कार्ड, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक दवाखान्यात द्या. दुसरीवर त्यांचा शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. याला ओसी म्हणतात. ही ओसी म्हणजे तुमचा खरा पुरावा. तोंडी मागितलेलं कोणी मागितलं नाही असं म्हणू शकतं. ७२ तास मोजायला सुरुवात होते ती या शिक्क्यापासून. पोच द्यायला नकार दिला तर भांडू नका. त्याच दिवशी पोस्टात जाऊन तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. अर्जात वेळ लिहायला विसरू नका.

"संपूर्ण" हा शब्द आणि कागदांची यादी यातलं काही गाळू नका. नुसतं "रिपोर्ट द्या" असं लिहिलंत तर पुन्हा एकदा डिस्चार्ज कार्डच हातात येईल.

"देता येत नाही" याची उत्तरं

*"मोठ्या डॉक्टरांची परवानगी लागते."* ठीक आहे, ती तुम्ही घ्या. अर्जाची पोच आत्ता द्या.

*"पोलीस किंवा कोर्टाचं पत्र आणा."* पेशंटला स्वतःच्या कागदासाठी कोर्टाचं पत्र लागत नाही. अपघाताची केस असेल तरी उपचारांच्या कागदांच्या प्रती मागता येतात. शवविच्छेदनाचा अहवाल मात्र तपास करणाऱ्या पोलीस ठाण्यात अर्ज करून मिळवायचा असतो.

*"आधी बिल भरा."* ७२ तासांच्या नियमात बिलाची अट नाही. रुग्णहक्क सनदेप्रमाणे तर बिलाच्या वादावरून पेशंटला किंवा मृतदेहालाही अडवून ठेवता येत नाही.

*"तुम्ही मोफत योजनेतले पेशंट आहात."* महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो, पालिकेची शहरी गरीब योजना असो किंवा धर्मादाय दवाखान्यातल्या गरिबांसाठीच्या राखीव खाटा असोत, पैसे कोणी भरले यावर हा हक्क ठरत नाही. फुले योजनेतला पेशंट असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला सांगा, किंवा १५५३८८ वर फोन करून तक्रार नोंदवा.

*"तुम्हाला त्यातलं काय कळणार?"* हे वाक्य आपल्या वाट्याला जरा जास्तच येतं. वस्ती बघून, आडनाव बघून, कपडे बघून येतं. त्याला एकच उत्तर : "कळणाऱ्याला दाखवायलाच हवंय." आवाज न चढवता म्हणा आणि अर्ज पुढं करा.

*"फाईल सापडत नाही."* मग तसं लेखी द्या म्हणा. तीन वर्षं सांभाळायची असते ती फाईल. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा फाईल सापडते.

कागद मागितले तर डॉक्टर चिडतील, आपल्या माणसाकडं दुर्लक्ष करतील, ही भीती मला वॉर्डात रोज दिसायची. म्हणून सांगते, कागद मागणं म्हणजे आरोप करणं नव्हे. "पुढच्या उपचारांसाठी हवेत" एवढं सांगितलं तरी पुरतं. खरं तर कारण सांगायचीही सक्ती नाही. चांगल्या डॉक्टरला फाईल द्यायला भीती वाटत नाही, कारण त्याचं चांगलं कामही त्याच फाईलमध्ये लिहिलेलं असतं.

सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यात

ससून असो, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू असो, येरवड्याचं राजीव गांधी रुग्णालय असो किंवा पिंपरीचं वायसीएम, आधी वरचाच अर्ज अधीक्षकांच्या नावानं द्यायचा. ७२ तासांत काही झालं नाही तर तिथं आपल्या हातात आणखी एक साधन आहे, माहिती अधिकार कायदा २००५.

अर्ज जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावानं करायचा. त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्या घराला फी नाही, पण पुरावा जोडावा लागतो. आपल्या राज्यात हा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. प्रतीला पानामागं २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. पण माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते. पेशंट गंभीर असेल, पुढचा उपचार कागदांवाचून अडला असेल, तर अर्जात अगदी वरती "जीविताशी संबंधित माहिती, ४८ तासांत द्यावी" असं लिहा. उत्तर मिळालं नाही तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडं पहिलं अपील. तिथंही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं दुसरं अपील.

खासगी दवाखान्यानं दिलंच नाही तर

पायरी पायरीनं जा.

पहिली पायरी : ७२ तास उलटल्यावर दुसरं स्मरणपत्र. पहिल्या अर्जाच्या ओसीची झेरॉक्स जोडा.

दुसरी पायरी : महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं लेखी तक्रार. पुणे शहरात खासगी दवाखान्यांची नोंदणी आणि तपासणी पालिकेचा आरोग्य विभाग करतो. पिंपरी-चिंचवडमध्ये तिथली पालिका.

तिसरी पायरी : महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबई. इथं तक्रार डॉक्टरविरुद्ध करायची असते, इमारतीविरुद्ध नाही. म्हणून अर्जात उपचार करणाऱ्या डॉक्टरचं नाव लिहा म्हणून सांगितलं. दवाखाना धर्मादाय असेल तर धर्मादाय सह आयुक्तांच्या पुण्यातल्या कार्यालयाकडंही एक प्रत द्या.

चौथी पायरी : जिल्हा ग्राहक आयोग. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली ठरवलं. जिथं सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते दवाखाने त्यातून वगळले आहेत. पण जिथं काही पेशंट पैसे भरतात आणि काही मोफत असतात, तिथला मोफत पेशंटही ग्राहकच धरला जातो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. मुदत २ वर्षांची. तेव्हा "बघू, दिवाळीनंतर" असं करू नका. केसपेपर सांभाळायची सक्तीही किमान ३ वर्षांचीच आहे.

फाईल हातात आली की

तिथल्या तिथं पानं मोजा. प्रत्येक पानावर पेशंटचं नाव बरोबर आहे का बघा. तारखा लावून बघा, अकरा दिवस होते तर अकरा दिवसांच्या नोंदी आहेत का? मधलाच एखादा दिवस गायब नाही ना? शिक्का प्रत्येक पानावर आहे ना? भरलेल्या पैशांची पावती घेतली का? काही कमी असेल तर पोचपावतीवर सही करताना "अमुक कागद मिळाले नाहीत" असं लिहूनच सही करा.

मग ती फाईल वस्तीतल्या सिस्टरला, ओळखीच्या डॉक्टरला, शिकणाऱ्या मुलीला दाखवा. आपल्या वस्तीवस्तीत आज नर्सिंग केलेल्या लेकी आहेत. त्यांना माझं सांगणं आहे की महिन्यातला एक रविवार विहारात बसा. लोकांचे कागद वाचून सांगा. बीपी तपासण्याइतकंच ते गरजेचं आहे.

भरती असतानाच घ्यायची काळजी

पेशंटला कोणी आणलं, काय झालं, हे पहिल्या कागदावर काय लिहिलंय ते विचारा. चुकीचं असेल तर लगेच, त्याच दिवशी, डॉक्टर आणि सिस्टरला सांगा आणि दुरुस्तीची नोंद करायला लावा. कामावर अपघात झाला असेल तर "कामावर झाला" हे शब्द तुम्ही स्वतः सांगा. मुकादमावर सोडू नका. नवऱ्यानं मारलेल्या बाईनंही "जिन्यावरून पडले" असं सांगण्याआधी विचार करावा. तो कागद पुढं तिच्या बाजूनं उभा राहू शकतो, किंवा तिच्या विरुद्ध.

कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका. मराठीत समजावून घ्या. पैसे संपले म्हणून पेशंटला घरी न्यायची वेळ आली, तर "स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे" या कागदावर सही मागतात. त्या सहीच्या वर स्वतःच्या हातानं खरं कारण लिहा : "पैसे नसल्यामुळं नेत आहे."

आणि माझी एक कबुली. नोकरीच्या सुरुवातीला, एका रात्रपाळीत पन्नास पेशंटना आम्ही दोघी होतो. तक्ते भरायला वेळच मिळाला नाही. सकाळी पाळी संपताना मी रात्री दोनच्या आणि चारच्या बीपीचे आकडे अंदाजानं भरले. त्या रात्री कोणाचं काही बिघडलं नाही, हे नशीब. पण तो आकडा खोटा होता आणि तो मी लिहिला होता. जिथं माणसं कमी आणि काम जास्त, तिथं असं होतं. नातेवाईक कागद मागतात हे माहीत असलेल्या वॉर्डात मात्र नोंद जागच्या जागी होते. म्हणून तुमची मागणी पुढच्या पेशंटलाही उपयोगी पडते.

ओपीडीचा कागद : तो फक्त तुमच्याकडंच असतो

३ वर्षं सांभाळायचा नियम भरती पेशंटसाठी आहे. बाहेरून दाखवून आलात तर तो कागद, त्या चिठ्ठ्या, ते रिपोर्ट बहुतेक वेळा फक्त तुमच्या घरात असतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. माणसं गेली, संसार गेले. पाणी ओसरल्यावर चिखलातून भांडी निघाली, पण कागदांचा लगदा झाला होता. टीबीच्या, शुगरच्या पेशंटना आपली औषधं काय होती हेही सांगता येईना.

म्हणून घरातल्या प्रत्येकाची एक वेगळी फाईल करा. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पत्र्याच्या खोलीत असाल तर उंचावर टांगून ठेवा. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढा आणि दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. थर्मल कागदावरची ईसीजीची पट्टी आणि बिलं काही महिन्यांत पुसट होतात. त्यांची झेरॉक्स लगेच काढा.

घरात कोणी दवाखान्यात दगावलं, तर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्रही मागा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मोफत द्यावी लागते. महापालिकेचा मृत्यूचा दाखला वेगळा आणि हा कागद वेगळा.

त्या ताईंचं काय झालं?

आम्ही विहारातच बसून अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यानं पोच द्यायला नाही म्हटलं. ताईंनी तिथून थेट पोस्ट ऑफिस गाठलं. चौथ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या, स्पीड पोस्टाची पावती दाखवली, स्मरणपत्र पुढं केलं. सहाव्या दिवशी फोन आला, झेरॉक्सचे पैसे भरून फाईल घेऊन जा.

मी ती फाईल पान पान वाचली. पहिल्या पानावर तेच होतं, घरी पडला. पण दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पाळीत, औषधाच्या नोंदीखाली, एका सिस्टरनं घाईघाईच्या अक्षरात लिहिलं होतं : पेशंट शुद्धीवर, बोलतो आहे, कामाच्या ठिकाणी कचऱ्याच्या गाडीवरून पडल्याचं सांगतो. खाली वेळ आणि सही.

ती ओळ डिस्चार्ज कार्डावर कधीच आली नसती. आता ती भरपाईच्या दाव्याला जोडली आहे. निकाल अजून लागायचा आहे आणि ठेकेदाराचा वकील पहिलं पान दाखवणारच. पण आता ताईंच्या हातातही एक पान आहे.

ती सिस्टर कोण, मला माहीत नाही. आपण काय लिहून ठेवलं हे तिलाही कदाचित आठवत नसेल. तिनं तिचं काम केलं. आपलं काम एवढंच की तीन वर्षांच्या आत जाऊन ते मागायचं.

हे पान कापून विहाराच्या फलकावर लावा. अर्जाचा नमुना वहीत उतरवून घ्या. आणि घरात गेल्या तीन वर्षांत कोणी भरती झालं असेल, तर अर्ज याच आठवड्यात द्या.